गुडघ्यावरचं माप

दिघीच्या माळावर सकाळी साडेसातलाच
ऊन काठी घेऊन उभं असतं.
गेटवर माझी कात्री काढून घेतली,
टेप तेवढी गळ्यात राहू दिली.

पंचवीस वर्षं शाळांचे गणवेश शिवले,
मग बँडवाल्यांचे कोट, खांद्याला सोनेरी झालर लावून.
आता भोसरीच्या गाळ्यात हे पिवळं कापड,
कात्रीलाच बोथट करणारं.
चौदा पदर. टाक्यावर टाका.
सुई मोडली की मनात म्हणतो,
मोड बाई, तूच मोड.

मैदानातल्या पुतळ्याला इथं सगळे जावईबापू म्हणतात.
दर खेपेला नवे कपडे, काम शून्य,
आणि उचलून ठेवायला चार माणसं.
पायात जिलेटिनचं मांस,
आत हाड म्हणून कसलीशी नळी.
पाटणकर मॅडमनी हात वर केला. भोंगा वाजला.
मातीचं एक झाड उगवलं
आणि उगवल्या जागीच पडलं.
कुंपणापलीकडच्या शेळ्यांनी मानसुद्धा वर केली नाही.
त्या रोजच्या.

जावईबापू उताणे. काचेवर ओरखडे.
मी छातीचा पदर उलगडून टाके मोजले,
एकही उसवला नव्हता.
खोटं कशाला बोलू,
मला तेव्हा भर मांडवात
कुणी कोटाचं कौतुक केल्यासारखं वाटलं.
मॅडमनी वहीत लिहिलं, उत्तीर्ण.
चहा आला.

घोलप म्हणाले, आता मला घाला.
हवालदार घोलप, निवृत्त. डावा पाय
गुडघ्याखाली वानवडीत बनवलेला.
मूळचा कुठं, विचारलं तर म्हणतात,
'सरहद्दीवर, कुणाच्या तरी मक्यात.
एव्हाना खत झालं असेल.'

पांढऱ्या पट्टीची गल्ली, मातीत पोकळ सुरुंग,
हातात टोचणी.
वीस मिनिटांत काच आतून धुकटली.
'नाक खाजतंय,' आतून आवाज आला,
'आणि हसण्यावारी नेऊ नका,
नाक खाजलं की माणूस काच वर करतो.'
मॅडमनी तेही लिहून घेतलं.

मग ते पुढे वाकले.
एप्रनची कड मांडीवरून सरकली
आणि कमरेखाली चार बोटं
नुसती पँट,
पँटीची कडक इस्त्री,
आत माणूस.

जावईबापू कधी गुडघे टेकत नाहीत.
आणि मी? उभ्या आयुष्यात
मापं घेतली ती उभ्यांचीच.
हात सैल सोडा, पोट आत ओढू नका, समोर बघा.
पोरं उभी, नवरदेव उभे, ट्रम्पेटवाले उभे.
जो बसून मातीला हळूच विचारतो
आहेस का, इथं आहेस का,
त्याचा घेर किती, उंची कुठून धरायची,
कुणी मला सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही.

पट्टी ओलांडून आत गेलो.
सुरुंग पोकळ आहेत हे ठाऊक असून
जीव पायाच्या अंगठ्यात उतरला.
घोलपांच्या शेजारी गुडघे टेकले, टेप काढली,
सवयीनं म्हणालो, हलू नका.
काचेआडून हसले.
'हे तुम्ही मला शिकवता?'

मॅडमनी 'उत्तीर्ण' खोडलं नाही.
त्याच्या आधी बारीक अक्षरात लिहिलं:
उभ्यानं.

रात्री गाळ्यात पोऱ्याला फरशीवर बसवलं,
कमरेपासून जमिनीपर्यंत टेप सोडली.
तो म्हणाला, मास्तर, गुडघे दुखतात.
म्हटलं, दुखू देत, तेही लिहितो.
मापाच्या वहीत छाती, कंबर, उंचीच्या खाली
पहिल्यांदाच एक नवी ओळ आहे,
'टेकल्यावर'.

उद्या पुन्हा तेच कापड.
सुयांचे दोन डबे जास्तीचे मागवलेत.